मुका टीव्ही आणि मावशीची परात

गेल्या हिवाळ्यात मी इंदूरला मावशीकडे गेले तेव्हा सोबत लॅपटॉप नेला होता. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची ती कार्टून्स कुणीतरी इंटरनेटवर टाकलीत, हे मला नुकतंच कळलं होतं. एक जाडं अस्वल, त्याचा मध पळवणारं एक पिटुकलं माकड, आणि दोघांची न संपणारी पळापळ. बोलणं काही नाही. नुसतं आपटणं, घसरणं, चेपणं आणि पुन्हा उठून धावणं.

मावशीने साठी ओलांडली आहे. रेडिओतली नोकरी संपवून घरी बसली आहे. पण गप्प बसलेली नाही. मी स्क्रीन तिच्यापुढे सरकवली. अस्वल कड्याच्या टोकावरून पुढे गेलं, हवेतच पाय मारत राहिलं, मग त्याने खाली बघितलं आणि ते पडलं. पडताना वरून खाली घसरत येणारी एक बासरी वाजली आणि शेवटी झांजांचा दणका. मावशीने चष्मा कपाळावर ढकलला होता आणि डोळे मिटले होते. चित्राकडे तिचं लक्षच नव्हतं.

"पुन्हा लाव गे."

मी पुन्हा लावलं.

"बासरी लावली होय त्यांनी! मजला नाही सुचली कधी," ती म्हणाली. "छान वाजवलंय. कोण असेल गे वाजवणारा?"

हे कार्टून आम्ही दोघींनी पूर्वी कितीतरी वेळा बघितलं होतं, पण त्याचा मूळ आवाज एवढा मन लावून त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. कारण देवासच्या आमच्या घरात टीव्हीचा आवाज मावशीचा होता. ती हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना तोंडी सांगितली आहे. आज लिहून काढते. माझं शिक्षण सगळं हिंदीत झालं, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. पण ही गोष्ट मला दुसऱ्या भाषेत सांगताच येत नाही.

माझे बाबा सांगलीकडचे. देवासला कारखाने उभे राहत होते तेव्हा, सत्तरीच्या दशकात, फिटर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आई मात्र जवळच्या धारची. तिचे पूर्वज पवारांबरोबर माळव्यात आले, दरबारच्या नगारखान्यात वाजवायला. संस्थान गेलं, नगारखाना थांबला आणि आजोबांच्या हाती उरलं ते ढोलक्या-तबले मढवण्याचं छोटंसं दुकान. दोन्ही मामांनी ते काम घेतलं नाही. पीथमपूरला कारखाने निघाले तसे ते तिकडे नोकरीला लागले. मुलींना वाद्य शिकवावं, असं घरात कुणाला सुचलंही नव्हतं. मनाई नव्हती, पण तो विषयच कधी निघाला नाही.

मावशी ही आईची सर्वांत धाकटी बहीण. बी.ए.ची परीक्षा बाहेरून देत होती आणि टायपिंग शिकायला म्हणून आमच्याकडे देवासला राहायला आली होती. मी तेव्हा पाचवीत असेन. मावशी कमी बोलायची. पण तिची बोटं कधी स्वस्थ नसायची. गुडघ्यावर, पिठाच्या डब्यावर, जिन्याच्या कठड्यावर काहीतरी चालूच. आई दिवसातून कितीदा तरी तिच्यावर ओरडायची, "अगं, बोटं गप ठेव!"

आणि त्याच वर्षी आमच्याकडे टीव्ही आला.

इंदूरचं प्रक्षेपण देवासपर्यंत पोचायला लागून फार दिवस झाले नव्हते. आमच्या गल्लीत समोरच्या शाळामास्तरांकडे एकच सेट होता. बाबांच्या खात्यातल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी जाताना आपला जुना सेट बाबांना दिला. लाकडी पेटी, पुढे सरकणारी दारं, खाली चार पाय. बाबा तो टेंपोत ठेवून स्वतः मागे त्याला मिठी मारून बसले आणि घेऊन आले. गच्चीवर अँटेना चढली. बाबांनी पेढे आणले. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणं केलं, "रविवारी आमच्याकडे या."

रविवारी खोली भरली. आमच्या घरमालकीणबाई, जाडजूड, हसऱ्या, माळवी बोलणाऱ्या, सगळ्यांत पुढे बसल्या. बाबांनी दारं सरकवली, बटण फिरवलं. चित्र आलं, लख्ख आलं. आवाज मात्र आला नाही.

बाबांनी आवाजाचं बटण पिळलं. पेटीवर थापट्या मारल्या. पडद्यावर एक बाई ओठ हलवत होत्या, काहीतरी महत्त्वाचं सांगत असाव्यात.

"भिया, इनको तो सांप सूंघ गया," घरमालकीणबाई म्हणाल्या. लोक हसले. त्यात काही वाईट हेतू नव्हता. थोडा वेळ माणसं बसली, पेढे खाल्ले, मग कुणाला घरची कामं आठवली. खिडकीतून आम्हाला दिसत होतं, ती सगळी समोर मास्तरांच्या घरात शिरत होती.

बाबा सेटसमोर तसेच बसून राहिले. कारखान्यातलं कुठलंही बंद मशीन त्यांच्या हाताखाली चालू व्हायचं; पण टीव्हीचं मागचं झाकण उघडून त्यांनी आत बघितलं आणि पुन्हा लावून टाकलं. बाजारातला मेकॅनिक येऊन गेला. "आवाज का पार्ट इंदौर से आएगा," म्हणाला. तो पार्ट इंदूरहून यायला जणू पायी निघाला होता. मेकॅनिक भेटला की म्हणायचा, "बस, इस हफ्ते."

असेच काही रविवार गेले. आमच्याकडे कुणी येईना. मी मात्र बसायचे, कारण बाकीच्या कार्यक्रमांचं काही कळलं नाही तरी कार्टून कळायचं. त्या दिवशी मी एकटी जमिनीवर बसले होते आणि मागे मावशी परातीत तांदूळ निवडत होती. बाबा मोरीपाशी दाढी करत होते. पडद्यावर अस्वल मधाचं मडकं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरत होतं. पायरीवर माकडाने साबण ठेवला होता. अस्वलाचा पाय पडला, ते घसरलं, आणि ज्या क्षणी ते खाली आदळलं त्या क्षणी माझ्या पाठीमागे धाडकन आवाज झाला.

मी दचकून वळले. मावशीचा हात परातीच्या काठावर होता. तिची तीच दचकलेली होती.

तेवढ्यात बाबा धावत आले. अर्धा गाल साबणाने पांढरा, हातात वस्तरा.

"आला? आवाज आला?"

मावशी घाबरली. बाबांसमोर ती एरवीही फारसं बोलत नसे. "नाही, भाऊजी," ती म्हणाली. "तो... मजकडून आला."

बाबांना काही कळेना. त्यांनी पडद्याकडे बघितलं. अस्वल उठलं होतं, चिडलं होतं, माकडाच्या मागे धावत होतं. धावता धावता ते एका बंद दारावर आपटलं. मावशीची बोटं परातीवर धावली आणि दारापाशी येताच तिने तळहाताने थाप मारली. बाबांचा हात वस्तऱ्यासकट तसाच हवेत थांबला.

"पुन्हा कर."

"आता तो पुन्हा पडायला पाहिजे ना, भाऊजी."

अस्वल पुन्हा पडलं. ते नेहमीच पुन्हा पडायचं. बाबा माझ्या शेजारी खाली बसले. गालावरचा साबण वाळून गेला तरी उठले नाहीत. इतक्या दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तांदूळ जमिनीवर उधळले होते आणि कुणी ते गोळा करत नव्हतं. ती काही बोलणार होती; पण तेवढ्यात माकड घसरलं, परात वाजली आणि आईही फस्सकन हसली.

पुढच्या रविवारपर्यंत मावशीने तयारी केली. देवासला पाण्याची ओरड तेव्हाही असायचीच, त्यामुळे घरात हंडे-कळशा-डबे भरपूर आणि त्यातले निम्मे रिकामे. तिने एकेक भांडं बोटाने वाजवून बघितलं. रिकामा हंडा म्हणजे लांबून येणारा गडगडाट. अर्धी भरलेली कळशी हलवली की पोटातला मध. धावण्यासाठी वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा. डोळ्यांची उघडझाप करण्यासाठी सुपारीचा अडकित्ता. डोक्यावर टेंगूळ येऊन चांदण्या फिरायला लागल्या की देवघरातली घंटा. घंटेला आईने आधी साफ नकार दिला. मग म्हणाली, "वाजव, पण पूजा झाल्यावर आणि हात धुऊन." बाबांनी कारखान्यातून मोडकं हॅकसॉ ब्लेड आणलं. ते टेबलाच्या कडेला दाबून धरलं आणि मोकळं टोक सोडलं की असा काही थरथरता आवाज यायचा, की त्यासाठी अस्वलाने रोज स्प्रिंगवर बसावं.

बाबांनी ह्या वेळी कुणाला बोलावलं नाही. पण आवाज खिडकीतून बाहेर गेला. आधी दोन-तीन पोरं दारात आली. त्यांच्यामागे घरमालकीणबाई आल्या. "आवाज आ गया कंई?" त्यांनी विचारलं आणि आत डोकावल्या. भिंतीला टेकून, समोर भांड्यांचा पसारा मांडून मावशी बसलेली. पदर कमरेला खोचलेला, नजर पडद्यावर. पुढे काय होणार हे तिला माहीत नव्हतं. रेकॉर्डिंग नव्हतं, सराव नव्हता. अस्वलाच्या खांद्यावरून, माकडाच्या शेपटीवरून ती ओळखायची की आता काय होणार आहे, आणि तिचा हात त्या क्षणी तिथे असायचा.

महिन्याभरात आमची खोली पुरेनाशी झाली. मास्तरांची मुलंसुद्धा स्वतःच्या घरचा बोलका टीव्ही सोडून आमच्याकडे यायला लागली. मग एका रविवारी खुद्द मास्तर आले आणि दाराजवळ संकोचून उभे राहिले. बाबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. त्या दिवशीची बाबांची चाल मला आठवते. खुर्ची आणायला गेले ते मिरवणुकीत चालावं तसे.

मला सगळ्यांत आवडायचं ते कड्याचं दृश्य. मावशीच्या हुशारीची मला तिथे खरी ओळख पटली. सुरुवातीला अस्वल कड्यावरून पुढे गेलं की ती सगळं एकदम वाजवायची. मग एकदा तिने काहीच वाजवलं नाही. अस्वल हवेत उभं राहिलं. खोलीत चिडीचूप. मागे बसलेली माणसं मान पुढे काढून बघायला लागली. अस्वलाने खाली बघितलं. तरी आवाज नाही. ते पडलं, लहान होत होत खाली गेलं, अगदी ठिपका झालं. आणि मग मावशीने तांब्यात एक, फक्त एक, तांदळाचा दाणा टाकला.

टिंग.

घरमालकीणबाई हसता हसता आडव्या झाल्या. त्यांना उठवायला दोघी लागल्या. "मार डाला रे बेन, मार डाला," म्हणत त्या डोळे पुसत होत्या. मी मागे वळून मावशीकडे बघितलं. ती हसत नव्हती. कारागीर आपलं काम हातभर लांब धरून बघतो तसं तिचं तोंड झालं होतं. ही माझी मावशी आहे, असं मला सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटलं. सगळ्यांना ते माहीत होतं, तरीही.

आणि मग तो पार्ट आला.

मेकॅनिक शनिवारी संध्याकाळी हसतमुखाने आला, खटपट केली, आणि टीव्ही बोलायला लागला. बाबांनी आनंदाने त्याला चहा पाजला. आईने बातम्या ऐकल्या. मावशीने भांडी घासून फडताळात रचून ठेवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिने आपणहून ठेवली. मला रडू येत होतं, पण आवाज आल्याबद्दल रडायचं कसं?

रविवारी खोली भरली. कार्टून लागलं आणि पेटीतून भलामोठा वाद्यवृंद कोसळला. पिपाण्या, तुताऱ्या, ढोल, सगळं एकाच वेळी. आज ऐकताना मला त्यातली कारागिरी कळते. पण त्या जुन्या स्पीकरमधून ते सगळं पत्र्यावर खडी ओतल्यासारखं येत होतं. अस्वल पडलं. लोक थोडेसे हसले. पुन्हा पडलं. कुणीतरी खोकलं. पोरं मागे वळून वळून मावशीला शोधत होती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती, हात पदराखाली.

घरमालकीणबाईंनी बराच वेळ दम धरला. मग म्हणाल्या, "भिया, ये तो सबके घर जैसी हो गई."

ज्या आवाजासाठी बाबा इतके दिवस मेकॅनिकच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होते, तो त्यांनी उठून, बटण पार डावीकडे फिरवून, स्वतःच्या हाताने बंद केला. खोली शांत झाली. बाबा मावशीकडे वळले.

"ये गं, बस तुझ्या जागेवर. तुझ्यावाचून अस्वलाला पडता येईना झालंय."

मावशीने परात आणायला आत धाव घेतली तेव्हा पोरांनी जो गिल्ला केला, तो देवासच्या टेकडीवरच्या देवीलाही ऐकू गेला असेल. बाबांबद्दल मला आयुष्यात पुष्कळदा अभिमान वाटला, पण पहिला तो.

त्यानंतर काही महिन्यांनी घरमालकीणबाईंचे एक भाऊ इंदूरहून त्यांना भेटायला आले. रेडिओ केंद्रात नाटकांच्या विभागात काम करायचे. अंगणात चहा पीत बसले होते. आमच्या खोलीतून येणारे आवाज त्यांनी ऐकले आणि कप हातात घेऊनच वर आले. दारातच उभे राहून त्यांनी सगळं कार्टून बघितलं. म्हणजे बघितलं मावशीकडे, पडद्याकडे नाही. संपल्यावर विचारलं, "बेटा, ये किससे सीखा?"

बाबांनी तिच्या वतीने सांगितलं, "घराण्यातच आहे, साहेब. धारच्या नगारखान्यातली मुलगी आहे."

ते म्हणाले की, त्यांच्या नाटकांमध्ये दार लागतं, पाऊस पडतो, घोडा धावतो, ते सगळं त्याच त्या घासलेल्या तबकड्यांवरून. प्रत्येक नाटकात तोच घोडा. "एक बार आके देखो. टेस्ट ले लेंगे."

आई घाबरली. लग्नाची बहीण, इंदूरला रेडिओत भांडी वाजवायला जाते असं धारला कोणत्या तोंडाने सांगायचं? "दादांना काय वाटेल?" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दादा म्हणजे माझे आजोबा.

"त्यांना काय वाटेल ते नंतर बघू," बाबा म्हणाले. "मी हिला घेऊन जातो."

त्यांनी कारखान्यातून रजा काढली. मीही हट्ट करून बरोबर गेले. बसमध्ये मावशीच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत परात. खड्डा आला की परात वाजायची, आणि पुढच्या सीटवरचे लोक मागे बघायचे. मावशी ओशाळून पिशवी छातीशी धरायची. बाबा मात्र ऐटीत, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत होते, "रेडियो स्टेशन जा रहे हैं."

केंद्रातल्या त्या खोलीच्या भिंती छिद्राछिद्रांच्या आणि दार गादीसारखं जाड होतं. आम्हाला काचेपलीकडे बसवलं. मावशीसमोर नारळाच्या दोन करवंट्या, वाळूचा ट्रे, एक छोटं लाकडी दार. काचेजवळच्या माईकवरून तिला सांगितलं गेलं, "घोड़ा दौड़ाइए."

मावशीने करवंट्या हातात घेतल्या आणि थांबली. मला वाटलं, घाबरली. तिने मान वर करून विचारलं, "घोड़ा कहाँ से आ रहा है, और कहाँ जा रहा है?"

काचेमागचे साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मग घरमालकीणबाईंचे भाऊ हसले आणि त्यांनी तिला प्रसंग नीट समजावून सांगितला: घोडेस्वार वाईट बातमी घेऊन किल्ल्यावरून खाली गावात येतो आहे. मावशीने क्षणभर डोळे मिटले, आणि ती घोडा झाली. तिला त्याच दिवशी कळवलं गेलं की, पहिलं नाटक तिच्याकडे.

नाटक ध्वनिमुद्रित झालं. ज्या संध्याकाळी ते लागणार होतं त्या संध्याकाळी आम्ही सगळे धारला आजोबांकडे जमलो. आईने त्यांना पूर्ण काही सांगितलं नव्हतं. "नाटकात हिचं काहीतरी आहे," एवढंच. आजोबांनी दुकान लवकर बंद केलं. खोलीभर कातड्याचा आणि तबल्यावर लावायच्या शाईचा वास. रेडिओ फळीवरून खाली काढून मधोमध ठेवला. ते त्याच्यासमोर ताठ बसले, कानाशी हात धरून, मुलीचा आवाज कधी येतो याची वाट बघत.

राजा बोलला, राणी बोलली, प्रधान बोलला. दासीचं एक वाक्य आलं तेव्हा आजोबांनी मान वर केली, पण तो आवाज दुसऱ्याच बाईचा होता. दार करकरलं. विहिरीत कळशी पडली. दूरवरून घोडा आला, जवळ जवळ येत थांबला. नाटक संपलं. निवेदिकेने कलाकारांची नावं वाचली. सगळ्यांत शेवटी "ध्वनि प्रभाव" म्हणून मावशीचं नाव आलं, आडनावासकट. आई आनंदाने माझा हात इतका दाबत होती की दुखला.

आजोबा गोंधळले होते. "तुझें नाव घेतलें त्यांनी. पण तूं बोललीस कुठें?"

मावशी खाली बघत म्हणाली, "मी बोलले नाही, दादा. ते दार मी वाजवलं. कळशी मी. तो घोडाही मीच."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आजोबांनी रेडिओ बंद केला.

"घोडा उतारावरून येत होता," ते म्हणाले.

मावशीने चमकून वर बघितलं. "होय, दादा. किल्ल्याच्या रस्त्याचा उतार मनात धरला होता."

"वाटलेंच मला. उतारावर तो पुढचे पाय आखडतो. टाप दोनदां लागते, एक खरी आणि एक सावरण्याची." त्यांनी मांडीवर दोन बोटांनी ती टाप वाजवून दाखवली. मग सांगायला लागले. लहानपणी दसऱ्याच्या स्वारीत ते आपल्या वडिलांबरोबर घोड्यांच्या पुढे चालायचे. नगारा वडिलांच्या गळ्यात, आणि मागून येणाऱ्या टापांवर वडील ठेका धरायचे. मागे वळून बघायची परवानगी नव्हती. घोडा चढावर आहे की सपाटीवर, दमला आहे की बिथरला, हे कानांनीच ओळखायचं. हे त्यांनी मामांनाही कधी सांगितलं नव्हतं. मामांनी कधी विचारलंच नव्हतं.

बोलता बोलता ते उठले आणि दुरुस्तीला आलेली, नुकतीच मढवून तयार झालेली एक ढोलकी घेऊन आले. ती त्यांनी मावशीच्या पुढ्यात ठेवली.

"वाजव."

"मजला शिकवलं कुठे कुणी, दादा?"

"मग आतां शिक. बस अशी."

मावशी आधी फार हळू वाजवत होती. आजोबांनी तिचं मनगट धरून हाताचा कोन बदलला, पुन्हा बदलला. जेवणाची वेळ टळली. आईने पानं मांडली, पुन्हा झाकून ठेवली. मी भिंतीला टेकून बघत होते. बाबा शेजारी बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू हे यंत्र त्यांनीच जोडून चालू केलं आहे. काही अंशी ते खरंही होतं.

पुढे मावशी त्या केंद्रात कायम झाली. तिचे पाऊस, तिची वादळं, तिच्या आगगाड्या माळव्यातल्या घराघरांत ऐकल्या गेल्या. ऐकणाऱ्यांना कधी कळलं नाही की त्या एका परातीतून निघाल्या. ढोलकी ती आजोबांकडे दर सुट्टीत शिकत राहिली. दुकानात बसून मढवायलाही शिकली.

त्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती आजोबांच्या आवाजाने. दूधवाला दारात उभा होता. त्याला घाई होती, त्याची सायकल अजून स्टँडवरही लावलेली नव्हती. आजोबांनी पातेलं पुढे केलं होतं, पण दूध घेत नव्हते.

"भिया, काल रेडियो पे घोड़ा सुना?"

दूधवाल्याने मान हलवली. त्याच्याकडे रेडिओच नव्हता.

"अरे, सुनना था!" आजोबा म्हणाले. "हमारी छोरी थी."